आधी वारसा बंद करा
अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी घेतली जाणारी एसएटी परीक्षा काढून टाकावी, असं सुचवणारा लेख वाचला. ती श्रीमंतांच्या मुलांना झुकतं माप देते, हा त्यातला मुद्दा मान्य. महागडे क्लास सगळ्यांना कुठे परवडतात? पण परीक्षाच काढली तर उरतं काय? निबंध, शिफारसपत्रं आणि आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असणं, म्हणजेच ‘वारसा’. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात उघड झालेले आकडे बघा: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश, इतरांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास! एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी परत आणली, कारण साध्या घरातली तयारीची मुलं तिच्यामुळे ओळखता येतात. वारशाला तिथे थाराच नाही. स्टॅनफर्डने मात्र वारसा टिकवण्यासाठी कॅलिफोर्निया सरकारची शिष्यवृत्तीची मदत नाकारली. याचा मला मनापासून राग येतो.