हापशाचं पाणी पिऊन कोण बाटलं?

परवा आईनं कोथरूडहून एक फॉरवर्ड धाडला, खाली प्रश्न, "खरं का रे हे?" मजकूर असा: आफ्रिकेतल्या दुष्काळात चर्च पाण्याच्या टँकरच्या बदल्यात गुराख्यांना बाटवतं. मुळात हे भटके आळशी, वेळेत जनावरं विकली असती तर ही पाळीच आली नसती. आईपर्यंत आलं म्हणजे निम्म्या सोसायटीत फिरून झालं असणार.

आळशी म्हणणाऱ्यानं एकदा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्या धनगराबरोबर दोन मुक्काम चालून बघावं. पुढे बोलू.

पण "वेळेत विकायची" हे वाचून डोकंच फिरलं. वेळेत म्हणजे कधी? केनियाच्या उत्तर भागात वर्षाला दोन पावसाळे, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२० च्या अखेरीपासून असे सलग पाच फसले. पहिला गेला की माणूस दुसऱ्याची वाट बघणारच ना? तोवर सगळेच बाजारात उतरतात, आणि बरगड्या मोजता येणाऱ्या गाईला गिऱ्हाईक कुठलं? माद्या विकून टाकल्या तर पाऊस पडल्यावर दूध काय ढगातून काढायचं? त्या दुष्काळात केनियात २५ लाखांच्या आसपास जनावरं मेली. मदत करणारे म्हणूनच दुबळी जनावरं मरण्याआधी विकत घेतात, मांस तिथल्याच घरांत वाटतात, चारा नाहीतर रोख पैसे देतात.

आता बाटवाबाटवी. आपत्तीतल्या मदतीची एक आचारसंहिता १९९४ सालीच ठरली आहे. ती पुढे आणणाऱ्यांत रेडक्रॉसबरोबर कॅथलिकांची मदतसंस्था कॅरिटास आणि लुथरन चर्चांचा महासंघ, लुथरन वर्ल्ड फेडरेशनही होते. मदत जातधर्म न बघता द्यायची आणि धार्मिक भूमिका रेटायला वापरायची नाही, असं तीत स्पष्ट लिहिलंय. नियम कागदावरचा आहे, मान्य. पण फॉरवर्डमध्ये तर गाव नाही, साल नाही, बाटलेला एक माणूस नाही.

दुष्काळात धर्मांतरं कधी झालीच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याच जिल्ह्यात, केडगावला, १८९६-९७ च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी पुढे ख्रिस्ती झाल्या. त्या जगल्या, हेही त्याच वाक्यात लिहायला हवं.

आईचं माहेर करमाळ्याकडचं. तिला कळवलं, तुमच्या वाडीतला हापसा आठवतो? त्याचं मूळ जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या पंपात आहे. तो सोलापुरात सुधारला, युनिसेफनं देशभर नेला, पुढे आफ्रिकेतही गेला. लग्न होईपर्यंत तू त्याच्यावर घागरी भरल्यास. तुला कुणी बाटवलं?

अजून उत्तर नाही. दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसतायत.