उसण

कोल्हापुरात कंबर धरून रस्त्यानं चालू नये. गल्लीच्या तोंडापासून घराच्या दारापर्यंत निदान होतं, उपाय ठरतो, आणि तो केला नाही म्हणून संध्याकाळी बोलणीही बसतात. पेठेपेठेत तालमी असल्यामुळं, जन्मात लांघ बांधली नाही त्यालाही इथं अंगदुखीतलं सगळं कळतं.

लोखंडी कपाट जरासं सरकवताना माझ्या कमरेत उसण भरली. पहिला हक्क समोरच्या काकूंचा, कारण काकू पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले, एवढ्या भांडवलावर त्या अख्ख्या गल्लीच्या कमरा सांभाळतात.

"सरळ हुबा ऱ्हा की रं, लाथ आडवी बसंल!"

सरळ उभं राहता आलं असतं तर मी कशाला आलो असतो? काकूंनी भिंतीचा आधार घेतला, लुगडं सावरलं आणि पाय उचलला. लाथ नावालाच, नुसती टाच टेकवायची. पण काकूंचा नेम चुकला आणि जोडवं बरोबर दुखऱ्या जागी रुतलं.

"उतरली न्हवं?"

"उतरली," मी म्हणालो. नाही म्हटलं असतं तर आणखी एक बसली असती.

मग मेहुण्यानं तालमीत नेलं. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, लिंबू, हळद पाजून वाढवलेली. तिचा खुराक माझ्यापेक्षा बरा. वस्तादांनी मला पालथं घातलं आणि एका पोरसवदा पैलवानाला "हलक्या हातानं" म्हणून बजावलं. त्या पोराचा हलका हात पाठीवर फिरला तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्यावर पलीकडं जोर मारणारे थांबले. वस्ताद खूश. "वराडतोय न्हवं? म्हंजे शीर मोकळी व्हायला लागली."

शेवटी राजारामपुरीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेलो. वयानं माझ्या भाचीएवढ्या, त्यामुळं मी लगेच 'काका' झालो. त्यांनी पाठीवर प्लास्टिकचे पेले ठेवून पंपानं हवा ओढली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या अंगावर असेच गोल डाग होते आणि त्यानं पाच सुवर्णपदकं नेली, अशी माहितीही पुरवली. मला डाग तेवढे मिळाले. घरी आईनं ते बघून विचारलं, "तुंबडी लावायला पैसे दिलेस?"

दुसऱ्या वेळी विजेच्या गाद्या चिकटवून मुंग्या आणल्या. यामागं मेलझॅक आणि वॉल यांचा १९६५ चा सिद्धांत आहे म्हणे: मुंग्यांच्या संवेदनांनी मज्जारज्जूतली वाट अडते आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. हे मला झटकन पटलं. नवरात्रात महाद्वार रोडवरून स्कूटर काढून बघा. यंत्र चालू असेपर्यंत खरोखर बरं वाटलं. बंद केल्यावर गर्दी ओसरली आणि निरोप आला.

मग अंगाला चिकटवायच्या रंगीत पट्ट्यांची पाळी आली. केन्झो कासे नावाच्या जपानी माणसानं १९७० च्या दशकात त्या काढल्या आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर त्या जगभर दिसू लागल्या. "कुठला रंग लावू, काका? गुणात काही फरक नसतो," बाई म्हणाल्या. बाई बाहेरगावच्या असणार. इथं फुटबॉलचा हंगाम चालू, पेठा एकमेकींकडं डोळे वटारून बघतायत, आणि मी भलत्या संघाचा रंग कमरेला बांधून आमच्या गल्लीत शिरायचं? कातडीच्या रंगाची पट्टी मागून घेतली.

जाताना बाईंनी हळूच खरं ते सांगितलं. हे सगळं तात्पुरत्या आरामासाठी. पडून राहू नका, सोसेल तेवढं चाला, अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. तशी ती ओसरलीही. पण गल्लीत 'आपोआप' हे कारण कोण ऐकून घेणार? काकू म्हणतात टाच लागू पडली, मेहुणा म्हणतो माती. मटणाच्या दुकानदाराचं म्हणणं, पांढरा रस्सा प्यायला असणार.

आईनं कुणाशीच वाद घातला नाही. तिनं पहिल्याच दिवशी जोतिबाला नवस बोलला होता, मुलगा डोंगर चालत चढून येईल म्हणून. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "चढा की, काका. फक्त उतरताना जपा, मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरतात."

हे काकूंच्या कानावर गेलंय. मांडीला लाथ चालते का, याची त्या चौकशी करतायत.