प्रॉम्प्टर नामवंत नसतो हो!

"ते नामवंत होते का?" आज सकाळी एका ग्रंथालयातून फोनवर मला हे विचारलं. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

माझे आजोबा संगीत नाटकांचे प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून वाक्य सुचवणारे. उभा जन्म विंगेत गेला. ते कसले नामवंत? त्यांची 'मानापमान'ची वही मला द्यायची होती, तीही फुकट. तर म्हणे, "छापील पुस्तक आहे आमच्याकडे."

अहो, पुस्तक सगळ्यांकडेच आहे! या वहीत पेन्सिलीने कापलेली वाक्यं आहेत. कुठलं पद गाळलं, वन्समोर कुठे आला, ऑर्गनवाल्याला खूण कधी करायची, सगळं समासात. पुस्तकातून नाटक कळतं, प्रयोग कसा झाला ते नाही कळत.

आणि आपण म्हणे नाटकवेडे! 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं म्हणून दर 5 नोव्हेंबरला हार घालायचे, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या 1921 च्या संयुक्त 'मानापमान'चे किस्से सांगायचे. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, वा वा! त्या रात्री विंगेत वही धरून कोण उभं होतं? सांगा की. बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेले पडदे तुमच्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलेत?

2024 च्या 8 ऑगस्टला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, कोल्हापूरचं त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली, 1915 ची वास्तू. मीही रडले. पण तिथे निदान बातमी झाली, निधीची घोषणा झाली. घरोघरच्या ट्रंकांतून रद्दीत जाणाऱ्या वह्यांची बातमी कोण करणार?

बरं, मान्य. ग्रंथालयांना जागा नसते, माणसं नसतात, दमट हवेत कागद टिकवणं खर्चाचं असतं. पण म्हणून नामवंतांचे फेटे आणि मानपत्रं तेवढी काचेत ठेवायची? गंमत म्हणजे महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी ती तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. म्हणजे सरकारला कागद घेता येतो, हवा असला की! मात्र त्या संहितेत तालमीनंतर काय बदललं ते नसतं. आजोबांच्या वहीत असतं.

एका पानावर त्यांनी लिहिलंय, "बाईंना खोकला. दोन अंतरे कमी. टाळ्या तरी पडल्या." फोन ठेवल्यावर हेच पान उघडून बसले होते. राग थोडा उतरला. त्या बाईंनी खोकला दाबून पद कसं निभावलं असेल? अभिनयाच्या इतिहासाचं संग्रहालय काढायचं तर मी हे पान दारातच लावेन.

वही तूर्त माझ्याकडे आहे. प्रत्येक पानाचा फोटो काढतेय. विंगेतल्या माणसांचे कागद घेणारं कुठलं संग्रहालय ठाऊक असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. नुसतं "नमन" लिहून जाऊ नका.