नंबर लहान म्हणून कार्ड दुर्मीळ? नाही!

जुनी बेसबॉल कार्डं, म्हणजे च्युइंगगमबरोबर मिळणारी अमेरिकन बेसबॉल खेळाडूंची नंबर घातलेली चित्रं, घेणाऱ्यांमध्ये तीन समज फिरतायत: मागे छापलेला नंबर जितका लहान, तितकं कार्ड दुर्मीळ, मधला नंबर गायब असेल तर ती छापखान्याची चूक, आणि मोठ्या खेळाडूच्या वाट्याला ३०० किंवा ५०० आला तर तो योगायोग. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि त्यांवर भरवसा ठेवून लोकांचे पैसे जातात.

"लहान नंबर दुर्मीळ." बहुतेकदा उलटंच असतं. कार्डं छापणारी टॉप्स कंपनी १९७३ पर्यंत आपला त्या-त्या वर्षाचा संच टप्प्याटप्प्यानं बाजारात आणायची. शेवटचा टप्पा येईस्तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आलेला असायचा, मुलांना अमेरिकन फुटबॉलचे वेध लागलेले असायचे आणि दुकानदार माल उचलायचे नाहीत. म्हणून मोठे नंबर कमी उरले.

मग टॉप्सच्या १९५२ च्या संचातलं १ नंबरचं अँडी पॅफ्कोचं कार्ड महाग का? मुलं गठ्ठा नंबरवारी लावून त्याला रबरबँड घालायची. सगळ्यात वरच्या कार्डाच्या कडा झिजायच्या, मधे रबराचा वळ उमटायचा. कार्ड दुर्मीळ नाही, ते धडधाकट मिळणं दुर्मीळ आहे. खराब पॅफ्कोला चांगल्याचा भाव देऊ नका.

याच्याच जोडीचा आणखी एक समज: "विख्यात खेळाडू मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड १९५२ च्या त्या संचात सर्वांत दुर्मीळ." इथे हिशेबच करून पाहा. १९५२ चा शेवटचा टप्पा ३११ ते ४०७, म्हणजे ९७ कार्डं. छपाईचं शीट १०० कार्डांचं. उरलेल्या तीन जागी ३११ मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन आणि ३१३ बॉबी थॉमसन पुन्हा छापले. म्हणजे त्या टप्प्यातल्या बाकीच्या कार्डांच्या दुप्पट मँटल निघाले! दोन्ही छपाया ओळखताही येतात: मागच्या बाजूला नंबरभोवती बेसबॉल काढलाय, त्याच्या शिवणीची टोकं एका छपाईत उजवीकडे वळतात, दुसऱ्या छपाईत डावीकडे. २०२२ मध्ये हेच कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते मँटलच्या नावामुळे आणि कार्डाच्या उत्तम अवस्थेमुळे.

"गायब नंबर म्हणजे छापखान्याची चूक." गौडी कंपनीच्या १९३३ च्या संचात १०६ नंबर नव्हता. संच पुरा करायला मुलांनी च्युइंगगम घेतच राहावं, म्हणून तो मुद्दाम वगळला होता. तक्रार करणाऱ्यांना १९३४ मध्ये नॅप लाजोईचं १०६ नंबरचं कार्ड टपालानं पाठवलं. पत्राला लावलेल्या क्लिपचा ठसा आजही काही कार्डांवर दिसतो. आपल्याला तर हा ग्राहकांवरचा उघड अन्याय वाटतो. टॉप्सच्या १९५३ च्या संचात नंबर २८० पर्यंत जातात, पण कार्डं २७४ च आहेत. त्या काळात बोमन या प्रतिस्पर्धी कंपनीशी खेळाडूंच्या करारांवरून कोर्टकज्जे चालू होते, त्यापायीच सहा कार्डं गळाली असं मानतात. असे अपुरे संच घेताना आधी यादी पाहा, नाहीतर कधी छापलंच नाही ते कार्ड शोधत बसाल.

"३००, ५०० असे पूर्ण नंबर मोठ्या खेळाडूंना योगायोगानं पडतात." मँटलचे टॉप्समधले नंबर बघा: १९६१ ला ३००, १९६२ आणि १९६३ ला २००, १९६४ ला ५०, १९६५ ला ३५०, १९६९ ला ५००. इतका योगायोग होत नाही. मात्र हा मान त्या वेळच्या कीर्तीला मिळतो. पुढे मोठा खेळाडू झालेल्या टॉम सीव्हरचं पहिलं टॉप्स कार्ड १९६७ चं, नंबर ५८१, तेही दुसऱ्या एका नवख्याबरोबर वाटून घेतलेलं. ते शेवटच्या टप्प्यात, ५३४ ते ६०९ मध्ये पडतं, म्हणून नंबर साधा असला तरी कार्ड सहज हाती लागत नाही.