सहा लिहा, तीन बोला

आमच्या घरात लाइटच्या बिलापासून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटपर्यंत सगळीकडे पहिलं नाव नवऱ्याचं आहे. कॅनडात कायमचं राहायला जाण्यासाठी ‘एक्स्प्रेस एंट्री’ नावाचा जो गुणांचा तक्ता असतो, त्यात मात्र त्यानं ‘मुख्य अर्जदार’ म्हणून मला पुढे केलं. माझं एम.एस्सी. आणि इंग्रजीच्या परीक्षेतला स्कोअर मिळून माझे गुण त्याच्यापेक्षा जास्त भरतात, हे त्यानं एक्सेल शीटवर सिद्ध करून दाखवलं. मी जरा तोऱ्यात आले. मग शीट खाली सरकवल्यावर पुढचं दिसलं. या तक्त्यात २९ वर्षांपर्यंत वयाचे पूर्ण गुण मिळतात, मग वाढदिवस येतील तसे ते झडतात आणि ४५ ला शून्य होतात. मी चाळिशी ओलांडलेली. ही गळती भरून काढायचा एकच उपाय शीटमध्ये पिवळा रंगवून ठेवला होता. फ्रेंच! इंग्रजी बरं असेल आणि फ्रेंचच्या चारही कौशल्यांत ठरावीक पातळी गाठली, तर ५० गुण जादा. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या निघतात, आणि त्यांची गुणांची रेषा बरीच खाली असते.

“मग तू शीक ना,” मी म्हटलं.

“मी जोडीदार आहे,” तो नम्रपणे म्हणाला. “मुख्य अर्जदार तू.”

क्लास ऑनलाइन, तोही पहाटे. म्हणजे एकाच ओट्यावर एकीकडे पोळ्या आणि दुसरीकडे क्रियापदं. मॅडम डोंबिवलीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्याच तासाला धीर दिला. फ्रेंचमधली साधारण ९० टक्के क्रियापदं पहिल्या गटातली आहेत, ती ‘ई-आर’नं संपतात आणि अगदी नियमानं चालतात. ‘जाणे’ हे एकच क्रियापद ई-आरनं संपूनही या गटात बसत नाही. बाकीच्यांना एकच साचा. शेवटचं ई-आर काढायचं आणि सहा शेपट्या क्रमानं लावायच्या: ई, ई-एस, ई, ओ-एन-एस, ई-झेड, ई-एन-टी. झालं. एक शिकलं की हजारो खिशात.

उदाहरणाला घेतलं ‘पार्ले’. अर्थ, बोलणे.

आता मी जन्मानं पार्लेकर. आपल्या गावाचं नाव परदेशात क्रियापद म्हणून चालतं हे कळल्यावर पार्लेकराला आश्चर्य वाटत नाही, फक्त कळवायला इतका उशीर का केला असं वाटतं. त्यातून अर्थ ‘बोलणे’! आयुष्यभर व्याख्यानं ऐकून वर आभारप्रदर्शनही करणाऱ्या उपनगराला याहून योग्य क्रियापद मिळालं नसतं. १९२९ साली आमच्याकडे बिस्किटांचा कारखाना सुरू झाला आणि २०१६ साली बंद पडताना स्टेशनावरचा तो खरपूस वासही घेऊन गेला. त्या बिस्किटांच्या पुड्यावर इंग्रजीत जी पाच अक्षरं छापलेली असतात, तीच पाच अक्षरं, तीही त्याच क्रमानं, फ्रेंचमध्ये ‘मी बोलते’मधलं ‘बोलते’ होतात. उच्चार तेवढा ‘पार्ल’. इतकंच नाही. जुन्या ग्रांथिक फ्रेंचमध्ये ‘मी बोलते का?’ हा प्रश्न शब्द उलटे करून विचारायचा झाला तर तो ‘पार्लेज’ असा होतो. मॅडम म्हणाल्या, असं आता कुणी बोलत नाही. तरी मी दुपारच्या चहाला एक पुडा काढून ठेवला. अभ्यास म्हणून.

इथवर सगळं सुखाचं होतं. मग मॅडमनी सहाही रूपं मोठ्यानं म्हणून दाखवली. ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. म्हणजे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, याच क्रमानं. मला वाटलं नेट अडकलंय. मी म्हटलं, “मॅडम, पहिलं, दुसरं, तिसरं आणि सहावं सारखंच ऐकू आलं.” त्या म्हणाल्या, “सारखंच आहे. फक्त लिहायला वेगळं.”

म्हणजे ‘तू बोलतेस’मधला एस लिहायचा, बोलायचा नाही. ‘ते बोलतात’च्या शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं लिहायची आणि तिघांचा मिळून उच्चार शून्य! ही तीन अक्षरं लग्नपत्रिकेत ‘आपले विनम्र’खाली छापलेल्या काकांसारखी आहेत: नाव गाळलं तर महाभारत, आणि प्रत्यक्ष कार्यात तोंडातून अवाक्षर नाही. माझी सगळी चिडचिड या तिघांवर आहे. ‘वू’चं रूप आणि मूळ क्रियापद यांचा उच्चारही एकच, ‘पार्ले’, पण एकाच्या शेवटी झेड आणि दुसऱ्याच्या शेवटी आर. लिहिणाऱ्याला सहा खाती सांभाळायची, ऐकणाऱ्याच्या हाती तीनच. इतकी शाई खर्चून गप्प बसणारी भाषा मी तरी दुसरी पाहिली नाही.

सासूबाई हे सगळं देवघरातून ऐकत होत्या. त्यांचं संस्कृत जुन्या मॅट्रिकचं, म्हणजे अजून घासूनपुसून लख्ख. त्या म्हणाल्या, “अगं, सगळे सारखेच बोलणार तर कोण बोललं ते कळायचं कसं?”

“म्हणून आई, आधी कर्ता लावावाच लागतो. आपल्यासारखं नुसतं ‘येतोय’ म्हणून नाही चालत.”

“पठामि, पठसि, पठति,” त्यांनी उत्तरादाखल म्हणून दाखवलं. “कर्ता बोलायची गरजच नाही. क्रियापदच सांगतं.”

मी हा विषय मॅडमकडे नेला. त्या खूश झाल्या. फ्रेंच आली लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये ‘ते गातात’च्या शेवटी ‘अन्त’ असा उच्चार स्वच्छ होत होता. त्यातला ‘न्त’ आणि संस्कृत ‘पठन्ति’मधला ‘न्ति’ हे एकाच मूळ घराण्यातले. शेकडो वर्षांत फ्रेंच लोकांच्या तोंडातून शेवटची व्यंजनं गळत गेली, लेखणीतून मात्र नाही. थोडक्यात, मी रोज जिच्या नावानं बोटं मोडत होते ती ई-एन-टी आमच्या देवघरातल्या ‘न्ति’ची चुलतबहीण निघाली. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा फ्रेंचबद्दलचा आदर वाढेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “पाहिलंस? पाठांतर सुटलं की असं होतं.”

लेक आठवीपासून शाळेत फ्रेंच शिकतेय, कारण तो विषय स्कोअरिंग. तिनं माझी डिक्टेशन घ्यायचं ठरवलं. ती म्हणाली, “इल पार्ल.” मी ‘तो बोलतो’ लिहिलं. ती म्हणाली, “मी ‘ते बोलतात’ म्हटलं होतं.” मी विचारलं, ते ऐकणाऱ्याला कळणार कसं? “आई, कॉन्टेक्स्ट!” माझ्या मुलीनं मला संदर्भ बघायला सांगावं! जी भाजीत मीठ आहे का विचारल्यावर ‘कुठल्या?’ म्हणते. पुढे तिनंच एक चोरवाट दाखवली. क्रियापद स्वरानं सुरू होत असेल, तर बहुवचनात कर्त्याचा मुका एस जागा होऊन मध्ये ‘झ’ लागतो. ‘तो प्रेम करतो’ म्हणजे ‘इलेम’ आणि ‘ते प्रेम करतात’ म्हणजे ‘इलझेम’. अनेकांनी मिळून प्रेम केलं तर ऐकू येतं, अनेकांनी मिळून बोललं तर नाही. फ्रान्सबद्दल जे ऐकलं होतं त्यात हे बसतं.

दुसरा गट ‘आय-आर’चा, उदाहरण ‘फिनीर’, म्हणजे संपवणे. इथे एकवचनात सगळं शांत, फिनी, फिनी, फिनी, आणि अनेकवचनात अचानक मध्ये ‘इस्स’ घुसतो: फिनिसों, फिनिसे, फिनीस. या गटाशी माझं लगेच जमलं, कारण यातली बरीच क्रियापदं विशेषणांपासून झालेली आणि ‘अमुक होत जाणे’ अशा अर्थाची आहेत. जाड होणे. म्हातारं होणे. पांढरं होणे. लाल होणे. म्हणजे अख्खा गट चाळिशीच्या स्त्रीसाठी कुणीतरी बसून बनवलाय. बारीक होणे आणि पुन्हा तरुण होणे हीसुद्धा याच गटात आहेत. पण नियमित असणं वेगळं आणि नियमित घडणं वेगळं. चंद्रावर उतरायलाही याच गटात ‘आल्युनीर’ असं झकास क्रियापद आहे. फ्रेंच भाषेची राखण करायला १६३५ पासून एक अकादमी आहे आणि तिच्या ४० सभासदांना ‘अमर’ म्हणतात. या अमर मंडळींना ‘आल्युनीर’ पसंत नाही. त्यांच्या मते चंद्रावरसुद्धा ‘जमिनीवर उतरणे’च म्हणावं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. क्रियापद कुठलं वापरावं हे कुणाला सुचलंसुद्धा नाही.

तिसरं उदाहरण आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. ‘वांद्र’! अर्थ, विकणे. पार्ल्याहून निघालो, मधल्या सांताक्रूझ-खारला फिनीर केलं आणि वांद्र्याला पोचलो. तिथले जागांचे भाव बघता अर्थही पटला. ‘तुम्ही विकता’चं रूप तर ‘वू वांदे’. हे दलालानं आधी सांगितलं तर किती बरं होईल. पण याच गाडीत एक घोळ निघाला. आमच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात हा तिसरा गट नियमित म्हणून छापलाय, आणि मॅडम म्हणाल्या की फ्रान्समधल्या शाळेत हीच क्रियापदं अनियमितांच्या डब्यात बसवतात. म्हणजे सीमा ओलांडली की क्रियापदाचं चारित्र्य बदलतं.

नियमितांच्या आतही काही मंडळी सरळ नाहीत. ‘खाणे’ला ‘आम्ही’ लावताना एक ई जास्तीचा घालायचा, नाहीतर उच्चार बिघडतो. ‘सुरू करणे’मध्ये सी अक्षराला खालून हूक लावायचा. आणि ‘नाव असणे’ या क्रियापदात एल कधी एक, कधी दोन. १९९० साली फ्रेंचचं शुद्धलेखन सोपं करायचं अधिकृतपणे ठरलं आणि या एलवाल्या पुष्कळ क्रियापदांना एकच सोपा नियम दिला. त्यातून वगळलेल्या मोजक्यांत हे ‘नाव असणे’ आहे! जे वाक्य जगातला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या तासाला म्हणतो, ‘माझं नाव अमुक’, नेमकं तेच तसंच अवघड ठेवलं. आपल्याकडची एखादी समिती इतकी अचूक निवड करू शकेल असं मला वाटत नाही.

परीक्षेच्या तोंडी भागात दोन नाटकं करावी लागतात. एकात अनोळखी माणसाला फोन करून माहिती विचारायची, म्हणजे ‘वू’. दुसऱ्यात मित्राला काहीतरी पटवायचं, म्हणजे ‘त्यु’. सरावाला नवरा बसला. तो झाला व्यायामशाळेचा मॅनेजर आणि मी फी विचारणारी. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला अहो-जाहो करत होते. तो खुर्चीत मागे रेलला, चष्मा पुसला आणि फ्रेंचचं एक अक्षर कळत नसताना प्रत्येक ‘वू’ला मान डोलवू लागला. मित्राचं नाटक करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, “मघाचंच पुन्हा करू या, ते जास्त चांगलं जमत होतं.” सासूबाईंनीही आतून दुजोरा दिला.

एवढं होईपर्यंत मला ‘नू पार्लों’चा अभिमान वाटू लागला होता. सहांत सगळ्यात भरदार, सगळ्यात फ्रेंच वाटणारं रूप तेच. तेव्हा मॅडमनी थंडपणे सांगितलं की रोजच्या बोलण्यात ‘नू’ फारसं कुणी वापरत नाही. ‘ओं’ वापरतात, आणि ‘ओं’ला तृतीय पुरुषी एकवचन लागतं. म्हणजे? म्हणजे ‘ओं पार्ल’. परत तेच पार्ल! तीन उच्चार होते त्यातला एक गेला. उरले दोन, त्यातला एक मॅनेजरसाठी राखीव. मी विचारलं, मग हे सहा खणांचं कपाट इतके आठवडे कशासाठी लावलं? मॅडम म्हणाल्या, “लेखी परीक्षेत मार्क त्याचेच आहेत.” डोंबिवलीचं उत्तर. वाद संपला.

मॉन्ट्रियलला मावसबहीण असते, तिला उत्साहानं व्हिडिओ कॉल लावला. तिनं एकच प्रश्न विचारला, “त्यु पार्ल त्यु?” माझं व्याकरण जागच्या जागी थिजलं. एका वाक्यात दोनदा ‘तू’ कशाला? ती म्हणाली, क्यूबेकमध्ये होय-नाहीचा प्रश्न असा विचारतात. दुसरा ‘त्यु’ म्हणजे आपलं ‘का’. ‘तो बोलतो का’लाही मागे ‘त्यु’च. “इथे आलीस की होईल सवय,” ती म्हणाली.

“तिथे नाही येणार आपण,” नवरा पडद्याबाहेरून म्हणाला.

“म्हणजे?”

तेव्हा त्यानं एक्सेल शीटचा आणखी खालचा भाग उघडला. क्यूबेक आपली माणसं स्वतःच्या पद्धतीनं निवडतं. एक्स्प्रेस एंट्रीतून अर्ज करणाऱ्याला क्यूबेक सोडून उरलेल्या कॅनडात राहण्याची तयारी दाखवावी लागते. फ्रेंचचे ५० गुण मिळवायचे आणि जिथे रस्त्यावर फ्रेंच ऐकू येते तो एवढा मोठा प्रांत सोडून राहायचं. घर कुठे बघायचं तेही त्यानं हिरवा रंग देऊन ठेवलं होतं. ब्रॅम्प्टन, टोरोंटोच्या शेजारी.

त्याच रात्री ब्रॅम्प्टनच्या भाच्याला फोन झाला. तो म्हणाला, “मामी, फ्रेंच शिकताय हे उत्तमच, पण इकडे दुकानात, बसमध्ये पंजाबी आली तर फार सोयीचं पडतं.”

मी फोन मुख्य अर्जदाराच्या जोडीदाराकडे दिला आणि त्याला सांगितलं, उद्या पहाटेपासून ओट्याशी तू उभा राहा. पंजाबी तुझ्याकडे.

“क्रियापदं नियमित आहेत ना तिची?” त्यानं भाच्याला विचारलं.