शंभर टनांचं इंजिन बेपत्ता कसं करावं

छत्री, चष्मा, घराची किल्ली हरवायला काही अक्कल लागत नाही. ते कुणालाही जमतं. आपण जरा मोठं काहीतरी हरवू या. वाफेचं इंजिन घ्या. काँक्रीटचा चबुतरा, त्यावर रुळांचे दोन तुकडे, त्यावर कायमचं उभं केलेलं. भोवती साखळी, साखळीबाहेर कुंड्या. चोराला पळवता येत नाही, पुरात वाहून जात नाही. आणि तरीही पंधरा-वीस वर्षांत असा दिवस उजाडतो, की ते कुठलं होतं, कुठून आलं आणि गेलं कुठे हे गावात एकालाही सांगता येत नाही. ही सिद्धी मिळवायची असेल तर मी सांगतो तसं करा. गेल्याच महिन्यात मी प्रात्यक्षिक पाहून आलोय, त्यामुळे सगळं ताजं आहे.

सुरुवात सोपी आहे. इंजिन उघड्यावर ठेवा. वर छप्पर नको, छपराने फोटोत सावली पडते. धुराड्याचं तोंड बंद करू नका. पाऊस थेट आत गेला पाहिजे. धुराड्याखालच्या कप्प्यात शेवटच्या फेरीची राख असते, ती तर मुळीच काढू नका. त्या राखेत गंधक असतं. पाणी मिळालं की त्याचं आम्ल होतं आणि पत्रा आतून खायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. बॉयलरवरही एक पत्र्याचं वेष्टण असतं, आत उष्णता धरून ठेवणारं अस्तर. चालत्या इंजिनात ते उष्णता धरतं, उभ्या इंजिनात पाणी. चार महिने पाऊस प्यायलेलं अस्तर उरलेले आठ महिने बॉयलरला चिकटून बसतं. ओली गोधडी पांघरून माणूस झोपवा म्हणजे कळेल. दहा वर्षांनी चिमटीने पापुद्रा निघाला की म्हणायचं, "जुनंच होतं हो."

मग रंग. रंगाशिवाय आपल्याकडे कुठल्याच गोष्टीची काळजी घेता येत नाही. मान्यवर येणार असले की आदल्या रात्री रंग. खरवडू नका, धुऊ नका, गंजावरच मारा. पुढचा गोल रुपेरी, चाकांच्या आऱ्या लाल, चाकं जोडणाऱ्या दांड्या पिवळ्या. ह्याच दांड्या एके काळी तेलाच्या बोळ्याने पुसून आरशासारख्या ठेवायचे लोक, पण त्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती. आता इंजिन वरातीतल्या घोड्यासारखं दिसलं पाहिजे. आठ-नऊ थर झाले की लोखंडात ठोकलेले सगळे आकडे बुजतात, आणि ओळख पुसायचं निम्मं काम रंगारीच करून देतो.

पितळी पाट्या, शिट्टी, दाबमापक वगैरे काढून "सुरक्षित" ठेवा. कुठे ते विसरा.

क्रमांकाचं मात्र नीट समजून घ्या, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्या इंजिनांना नुसतं नाव नाही, कुळी असते. पहिल्या अक्षरावरून गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, कळतो: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड आणि एन अरुंद गेजचे. दुसरं पी असेल तर प्रवासी गाडीचं, जी असेल तर मालगाडीचं. डब्ल्यूपी म्हणजे ते गोल नाकाचं, नाकावर चांदणी असलेलं देखणं इंजिन. असे ७५५ झाले. डब्ल्यूजी २,४५० झाले. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० साली सुरुवात केली ती ह्याच जातीपासून, आणि १९७० मध्ये शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन बाहेर पडलं तेही ह्याच जातीचं. त्याचं नाव 'अंतिम सितारा'. नाव ठेवणारा माणूस हळवा असणार. आता अडचण अशी, की जात आणि क्रमांक माहीत असले की कुणीही रिकामटेकडा ते इंजिन कधी बनलं, कुणी बनवलं, कुठल्या शेडमध्ये राबलं हे शोधून काढू शकतो. म्हणून क्रमांक आधी घालवा. घालवता आला नाही तर बदला. रंगाऱ्याला आकडा आठवेल तो टाकू दे.

दर्शनी पाटीवर वजन लिहा, उंची लिहा आणि उद्घाटकांचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात लिहा. इंजिनाबद्दल काही लिहू नका.

आता मुख्य कलाकृती. स्थलांतर.

प्रत्येक वाफेच्या इंजिनाला मागे एक टेंडर असतं, कोळसा-पाण्याचं. आपल्याकडे ते ज्या दिवशी शोभेला उभं राहतं त्या दिवसापासून त्याला पुढेही एक टेंडर लागतं. सुशोभीकरणाचं. मी ज्या इंजिनाबद्दल बोलतोय ते एका गावात, एका कार्यालयाच्या आवारात होतं. मीटरगेजचं वायजी. ही जात १९४९ नंतरची. टेल्को, म्हणजे आज जिला लोक ट्रकसाठी ओळखतात ती कंपनी, मुळात १९४५ साली निघाली ती इंजिनं बनवायलाच, आणि ह्या जातीतली पुष्कळ इंजिनं तिने बनवली. नऊ वर्षांपूर्वी मी त्या आवारात गेलो होतो. तेव्हा क्रमांक दिसत होता. वहीत टिपून घेतला, फोटो काढले, आणि सवयीने दांड्यांवरचे ठोकलेले आकडेही लिहून घेतले. ही सवय विचित्र वाटेल, पण इंजिनावर रंगवलेला क्रमांक खोटा असू शकतो, दांडीवर ठोकलेला सहसा नसतो. फक्त कारखान्यात दुरुस्तीला चार इंजिनं एकदम उघडली की ह्याची दांडी त्याला, त्याची ह्याला असं व्हायचं. माझ्या ह्या वायजीच्या उजवीकडच्या सगळ्या दांड्यांवर त्याचाच आकडा होता. डावीकडच्या मागच्या दांडीवर दुसऱ्याच कुठल्यातरी भावंडाचा. म्हटलं, चला, ह्याला जन्मखूण आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या बाजूला जाणं झालं, मुद्दाम वाट वाकडी केली. आवारात चबुतरा आहे. चबुतऱ्यावर गावाच्या नावाशेजारी बदामाचं लाल चिन्ह, रात्री पेटणारं. रुळांचे तुकडे तसेच आहेत, त्या दोन रुळांमध्ये बदाम. इंजिन नाही.

"कुठलं इंजिन?" पहिल्या टेबलावर विचारलं गेलं.

"अहो, इथे दारात होतं. चाळीस फूट लांब."

"मी नवीन आहे." दुसऱ्या टेबलावरही नवीन, तिसऱ्या टेबलावरचे जेवायला गेलेले. चौथ्याने सांगितलं की ते सुशोभीकरणात गेलं. म्हणजे कुठे गेलं? म्हणजे सुशोभीकरणातच गेलं. नेलं कुणी? ठेकेदाराने. ठेकेदार कोण? फाइल बघावी लागेल. फाइल? ती साहेबांकडे. साहेब? बदली झाली. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर मुदतीत आलं, हे कौतुकाने सांगतो. "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही." टाचणी हरवली तर चौकशी बसवणारं कार्यालय! बदलीच्या वेळी खुर्च्या मोजून ताब्यात घेतात. पंख्यांवर पांढऱ्या रंगात अनुक्रमांक टाकतात. पाण्याच्या माठाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते, आणि क्रेन लावून, ट्रेलरवर चढवून, रस्ता अडवून, विजेच्या तारा काठीने वर उचलून दारातून जी गोष्ट बाहेर काढली तिची कुठल्याही कागदावर एक ओळ नाही. क्रेनचं बिल निघालं असेलच की! बिलावर काय लिहिलं होतं? "सामान"?

पुढचं ऐका. पंधरा दिवसांनी एका ओळखीच्या गृहस्थांनी फोटो पाठवला. दुसरा जिल्हा, नवं उद्यान, "आमच्या बागेत ऐतिहासिक इंजिन". गेलो. कारंज्याच्या कडेला इंजिन उभं. रुपेरी नाक, पिवळ्या दांड्या. चालकाच्या कक्षाच्या बाजूला ठसठशीत पांढऱ्या आकड्यांत क्रमांक: १८५३.

क्षणभर मला कळेचना. मग खालचा ग्रॅनाइटचा फलक वाचला. 'भारतातील पहिली रेल्वे ओढणारे हेच ते इंजिन.'

मंडळी, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी गेली तिला तीन इंजिनं होती. साहिब, सिंध, सुलतान. तिघांपैकी एकही उरलेलं नाही. तो मार्ग ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. बागेतलं इंजिन मीटरगेज, म्हणजे १,००० मिलिमीटर. त्या मार्गावर ते उभंसुद्धा राहू शकलं नसतं, दोन रुळांच्या मध्ये पडलं असतं. आणि त्याची जात जन्माला यायला बोरीबंदरच्या गाडीनंतर शहाण्णव वर्षं जायची होती. पणतूला उभं करून "हेच आमचे खापरपणजोबा" म्हणून हार घातलाय. बरं, फलक ग्रॅनाइटचा. इंजिन गंजून जाईल, थाप टिकेल.

डाव्या बाजूला गेलो. मागच्या दांडीच्या टोकाशी अंगठा फिरवला. रंगाचा थर जाड, पण नखाला खाच लागत होती. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायचो तसा वहीचा कागद ठेवला आणि घासायला लागलो. आधी नुसता राखाडी पट्टा आला. मग त्यातून एक पांढरी रेघ, मग एका आकड्याचं पोट, मग शेजारचा सात. वही उघडून नऊ वर्षांपूर्वीचं पान शेजारी धरलं. भावंडाचाच आकडा. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात शिट्टी वाजली. इंजिनाची नाही, रखवालदाराची. "ओ काका! हात लावू नका, रंग खराब होईल!"

तर उपाय कितवा, सहावा की सातवा... जाऊ दे. उपाय-बिपाय काही नाही. मला आता ते गंमतीने लिहायला जमत नाहीये.

शोभेला ठेवलेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन असं समजता तुम्ही? अमेरिकेत बिग बॉय म्हणून राक्षसी इंजिनं होती, सगळी मिळून २५. आठ उरली. त्यातलं ४०१४ क्रमांकाचं एका जत्रेच्या मैदानावर पन्नासेक वर्षं नुसतं उभं होतं. ते उचलून नेलं, उघडलं, आणि २०१९ मध्ये स्वतःच्या वाफेवर चाललं. ते लांबचं झालं? आपल्याकडचं १८५५ सालचं इंजिन घ्या. ही फेअरी क्वीन १९०९ मध्ये निवृत्त झाली आणि १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आली. तिच्या बरोबरीचं 'एक्सप्रेस' हे इंजिनही शंभर वर्षं शोभेला उभं राहून २०१० मध्ये चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात जिवंत झालं. हे का जमलं? कारण ते कुठलं इंजिन आहे आणि कुठे उभं आहे हे कुणीतरी सतत लिहून ठेवलं होतं. प्रत्येक इंजिन चालवा असं कुणी म्हणत नाही. परवडणारही नाही. पण ज्याची नोंद गेली त्याचा भंगारवाल्याशी व्यवहार करायला कुणालाच भीती वाटत नाही. नोंदीत नसलेली वस्तू चोरीला कशी जाईल? ती मुळात नव्हतीच!

भंगारात गेलं असतं तर निदान भंगाराच्या लिलावाचा कागद असता. तुम्ही तर जिवंत ठेवून त्याचं नाव काढून घेतलंत. आणि वर दुसऱ्याचं नाव दिलंत. त्या बागेत शाळेच्या सहली येतात. पोरं तो फलक वहीत उतरवून घेतात, मी बघितली. एक मुलगी ओळीओळीने, जीभ दातांत धरून उतरवत होती. तिला काय सांगायचं मी?

इतकं अवघड काय मागतोय मी? धुराड्यावर पत्र्याचं एक झाकण बसवा. आतली राख एकदा काढा. रंग मारायच्या आधी एका कारकुनाला वही देऊन पाठवा, आकडे दिसतात तेवढे उतरवून घेऊ दे. आणि हलवायचंच असेल तर हलवा बाबांनो, पण दोन्हीकडच्या नोंदवहीत एक ओळ लिहा: क्रमांक, तारीख, कुठून, कुठे. माठाची लिहिता ना? तेवढीच.

आणि तो फलक काढा. मी दोन पत्रं पाठवली आहेत, दोन्हींची पोच आहे, उत्तर नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, वही, पेन्सिल आणि या खेपेला थिनरची बाटली घेऊन. रंग खराब होणार आहे. रखवालदाराला आधीच सांगून ठेवा.