तिरका गुणाकार आणि भंडाऱ्याकडे उलटी निघालेली गाडी

नागपुरातलं नंदनवन असो की प्रतापनगर, आठवी-नववीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे : “अपूर्णांक दिसला की तिरका गुणाकार मारा. लसाविच्या भानगडीत पडू नका. वर-खाली सारखं दिसेल ते काटा. छेद हा नुसता अडथळा.” (लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, सगळ्या छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या.) यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त नडतं.

दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल, तर तिरका गुणाकार, म्हणजे एका बाजूचा अंश गुणिले दुसऱ्या बाजूचा छेद, चालतो. क्ष/४ = १५/२० असेल तर २०क्ष = ६० आणि क्ष = ३. इथे आपण दोन्ही बाजूंना दोन्ही छेदांनी गुणलेलं असतं, फक्त एका दमात. पण मध्ये अधिक चिन्ह आलं की?

नागपूर-अमरावती अंतर १५० किमी धरा. गाडीचा वेग ताशी क्ष किमी, कोंढाळीला चहाला अर्धा तास, एकूण वेळ ३ तास :

१५०/क्ष + १/२ = ३

मजकूर पाठ केलेलं पोरगं डावीकडचे दोन अपूर्णांक तिरके गुणतं, ३०० + क्ष = ३ लिहितं, आणि उत्तर काढतं उणे २९७. म्हणजे गाडी ताशी २९७ किमीने उलटी, भंडाऱ्याच्या दिशेने. छेद २क्ष होता, तो कुठे गेला हे कोणी विचारलंच नाही. खरी रीत अशी : छेदांचा लसावि २क्ष, त्याने प्रत्येक पदाला गुणायचं, उजवीकडच्या बिचाऱ्या ३ लासुद्धा. ३०० + क्ष = ६क्ष, क्ष = ६०. ताळा : अडीच तास प्रवास, अर्धा तास चहा.

आता “छेद हा अडथळा”. क्ष/२ + क्ष/३ ला सोपं रूप द्या म्हटलं, तर उत्तर ५क्ष/६. इथला ६ पुसता येत नाही, पुसला तर किंमत सहापट होते. तेच क्ष/२ + क्ष/३ = १० असेल, तर दोन्ही बाजूंना ६ ने गुणून ५क्ष = ६०, क्ष = १२. छेद घालवण्याची मुभा बरोबरच्या चिन्हामुळे मिळते, कारण दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. मुलांच्या बहुतेक चुका इथल्याच असतात, आणि मजकुरात या चिन्हाचा उल्लेखही नाही.

लसाविची भानगड म्हणाल तर ती जुनीच आहे. इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य सांगतात की एकमेकांच्या छेदांनी अंश-छेद गुणून समच्छेद करा, म्हणजे छेद सारखे करा, किंवा छेदांतला सामाईक भाग आधी काढून मग गुणा. छेद ६ आणि ८ असतील तर ४८ ने गुणूनही उत्तर बरोबरच येतं, पण २४ ने आकडेमोड आटोक्यात राहते.

काटाकाटी : (क्ष + ६)/६ = ३ मध्ये वरचा-खालचा ६ काटून क्ष = ३ येतो. ठेवून पाहा, ९/६ म्हणजे दीड. काटता येतो तो अख्ख्या अंशाचा गुणक, बेरजेतलं एक पद नाही. खरं उत्तर १२.

छेदात क्ष असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) मध्ये छेद सारखे, म्हणून अंश सारखे, म्हणून क्ष = २. तिरका गुणाकार केला तरी हेच. पण क्ष = २ ठेवला की छेद शून्य होतो. या समीकरणाला उकलच नाही, आणि वहीत तसंच लिहायचं.